पाकिटावर देशपांडे

लातूर, ११ जून २०२५

मृण्मयीबाई,

तुमचा फॉर्म मिळाला. ‘आदरणीय उद्योजक महोदय/महोदया’ अशी सुरुवात असलेला. दोन वर्षं तीन महिने माझा नंबर ब्लॉक करून ठेवलास, आणि आता कॉलेजच्या मेलवरून मला महोदया म्हणतेस? की महोदय? दोघांतलं एक तरी खोडायचं होतंस. मराठवाड्यातल्या दोनशे नव्या उद्योजकांना एका झटक्यात पाठवला असशील, यादी कुठून तरी मिळाली असेल, हे सगळं मला कळतं. पण पाठवायच्या आधी यादी एकदा वाचावी की नाही माणसानं? तुझ्या यादीतला एक धंदा तू स्वतः सुरू केलेला आहे. अर्धा तरी.

मी फॉर्म शेडवर उघडला. ‘नवउद्योगांची कामगिरी व उद्योजकांचे समाधान’ असं मोठ्या अक्षरांत. प्रश्न नववा : आपल्या व्यवसायाच्या यशात सर्वाधिक वाटा कशाचा? भांडवल, प्रशिक्षण, कुटुंबाचा पाठिंबा, ओळखीपाळखी, नशीब. नशीब हा पर्याय तुझा की तुझ्या गाईडचा? प्रश्न सतरावा : उद्योजक म्हणून आपण किती समाधानी आहात, एक ते पाच यांपैकी एक आकडा निवडा. मी हे बायांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चतुराबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “समाधानाचं कशाला इचारतेत? कंबर किती दुखती ते इचारा म्हनावं. पाचातलं पाच.”

शेवटी ‘अन्य काही सांगावयाचे असल्यास’ म्हणून दोन ओळींची चौकट. दोन ओळी! मृण्मयी, तुला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून फॉर्मखाली छापलेल्या तुझ्या नांदेडच्या कॉलेजच्या पत्त्यावर हे हातानं लिहून पाठवतेय. पत्र ब्लॉक करायची सोय पोस्टात अजून आलेली नाही.

तुझ्या संशोधनासाठी माहिती देते, घे. आपण दोघींनी चार वर्षांपूर्वी मायच्या हातच्या कडक ज्वारीच्या भाकरीचा धंदा सुरू केला, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात एक तवा होता आणि तुझी स्कूटी होती. तू सोडून गेलीस तेव्हा चार बाया थापायला होत्या. आज अकरा आहेत. औसा रोडला पत्र्याची शेड आहे, फूड लायसन्स आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलंय. माल मुरुड, निलंगा, उदगीरपर्यंत जातो. शिकवण्यांसाठी लातुरात आलेली पोरं खोलीवर आमची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन डॉक्टर व्हायची तयारी करतात. आता तर एका मोठ्या क्लासच्या हॉस्टेलची ऑर्डर यायच्या बेतात आहे. ती आली तर आणखी सहा बायांना काम मिळेल.

म्हणजे धंदा उत्तम चाललाय, असं लिहून टाक. समाधानाचा आकडा तूच टाक तुला हवा तो.

तू मध्येच सोडून गेलीस त्याचं कारण लोक अजून विचारतात. नांदेडला नोकरी लागली, असं मी सांगते.

माय बरी आहे. तुझी आठवण काढते. का काढते ते तिलाच माहीत.

प्रिया

लातूर, २३ जून २०२५

मृण्मयी,

एवढं चार पानी पत्र लिहिलं, आणि तुझं उत्तर काय, तर कॉलेजच्या कागदावर दोन वाक्यं. ‘फॉर्म ऑनलाइनच भरावा लागतो. माझं आडनाव काढलंस का?’

नाही काढलं. झालं समाधान?

नाव काढणं म्हणजे पाटी पुसणं वाटतं का तुला? लेबलांचे गठ्ठे पडलेत. दुकानदार ‘देशपांड्यांची भाकरी’ म्हणून मागतात. फोनवर लोक मला ‘बोला देशपांडे मॅडम’ म्हणतात आणि मी बोलते. तू तिकडे नांदेडला पंख्याखाली बसून दोन वाक्यांत निकाल देणार. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात.

आणि मला एक सांग, ही वेळ आली कशी ते तू विसरलीस का? मी विसरलेले नाही. आपण दोघी पहिल्यांदा गंजगोलाईच्या बाजारात माल घेऊन गेलो, तो दिवस आठव. दुकानदारानं भाकरी मोडली, तोंडात टाकली, डोळे मिटले. “काय पातळ हाय हो! कोन करतंय?” मी म्हणाले, माझी माय. “आडनाव काय म्हनलात?” मी सांगितलं, सोनकांबळे. भाकरी त्याच्या तोंडातच होती. ती त्यानं गिळली, पाणी प्याला आणि म्हणाला, “ठिवून जा धा पाकिटं.” आठवड्यानं गेलो तर दहाच्या दहा काउंटरखाली, झाडूशेजारी. “न्हाई चालत ताई हा आयटम.”

तिसऱ्या दुकानापर्यंत आपल्याला कळलं की चालत काय नाही. मग चौथ्या दुकानाला तू फोन लावलास, सहज ‘देशपांडे बोलतेय’ म्हणालीस, आणि त्यानं भाकरी न चाखता पन्नास पाकिटं मागितली. तीच भाकरी, तोच तवा, तीच माय. बसस्टँडसमोर उसाचा रस पिताना आपण इतक्या हसलो, की रसवाला आपल्याकडे बघायला लागला. मग लेबलं छापायची वेळ आली तेव्हा आपण देशपांडे ठरवलं. धंद्यासाठी ठरवलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

पुढे तुझ्या आईनं, चंद्रप्रभाकाकूंनी, नांदेडात कुणाच्या तरी घरी आपलं पाकीट पाहिलं. आमच्या आडनावाच्या भाकऱ्या कोण विकतंय, म्हणून तुला फोन केला, आणि तुला एकदम तत्त्व सुचलं. मला सगळं माहीत आहे.

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात. माझं उलटं झालंय. हातात सोनं आहे आणि नाव उसनं.

असो. परवा हॉस्टेलची खरेदी बघणारे रेणुकादास सर शेड बघायला येणार आहेत. तीनदा तारीख बदलली त्यांनी. मला काम आहे. तुझ्याशी वाद घालायला वेळ नाही.

प्रिया

लातूर, २६ जून २०२५

मृण्मयी,

भेट छान झाली. सरांनी शेड पाहिली, स्वच्छता आवडली, चहा घेतला, दोन भाकऱ्या खाल्ल्या. ऑर्डर जवळजवळ मिळालीच. पुढच्या महिन्यापासून रोजचा माल. तुला सांगायचं कारण नव्हतं, तरी सांगितलं.

२७ जून

काल एवढं लिहून पाकीट चिकटवलं होतं. आज पुन्हा फोडलं. वर लिहिलंय ते खरं आहे, पण अर्धंच आहे. उरलेलं सांगितल्याशिवाय माझं डोकं काम करणार नाही, आणि सांगायला दुसरं कोण आहे मला? शेडवरच्या सगळ्यांनी ते स्वतःच पाहिलंय.

सर चांगले आहेत. मऊ बोलतात, बायांना ‘मावशी’ म्हणतात. आल्या आल्या म्हणाले, “देशपांडे मॅडम ना? देशपांडे म्हणजे मूळ कुठले तुम्ही?” मी तुझं गाव सांगून टाकलं. माहूर, असं मी म्हणाले. तर त्यांनी चक्क हात जोडले. “रेणुकामातेच्या पायाशी! अहो, माझं नावच रेणुकादास.” मग दहा मिनिटं माहूरच्या पायऱ्या, तिथला विड्याचा प्रसाद, कुठल्या धर्मशाळेत उतरता, असं चाललं. मी मान हलवत होते. माहूरला मी एकदाच गेलेय, कॉलेजच्या सहलीला, आणि मला फक्त माकडं आठवतात.

माय आत होती. ज्वारीची पोती ठेवतो त्या खोलीत. मीच तिला आत बसायला सांगितलं होतं, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम घालते. हे मी त्या दिवशीच केलं असं नाही. दुकानदार, पुरवठादार कुणीही यायचं असलं की करते. आताशा तर सांगावंही लागत नाही. बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला की ती आपणहून उठते. हे मी तुला आधी कधी लिहिलं नसतं.

निघता निघता सरांची नजर भिंतीवरच्या लायसन्सवर गेली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. प्रियदर्शनी साहेबराव सोनकांबळे. “हे कोण?”

मी गप्प. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी त्यांच्या परीनं अर्थ लावला आणि आवाज खाली आणून हसले. “अच्छा. योजनेसाठी का? हुशार आहात. आमच्या ओळखीत बरेच जण असंच करतात. कागद कामवालीच्या नावावर, धंदा आपला. बाई इथेच असतात का कामाला?”

आणि मी म्हणाले, “हो. इथेच असतात.”

बस, एवढंच. त्यांनी मान डोलावली, चप्पल घातली, गेले. पारूबाईचा हात थापता थापता थांबला होता. थोड्या वेळानं माय आतून आली. केस झाकायची कामाची टोपी काढली, घडी केली, टेबलावर ठेवली. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती फक्त लायसन्सकडे बोट करून म्हणाली, “त्येच्यात तुझ्या बापाचं बी नाव हाय. साहेबरावाला बी कामाला ठिवलंस का?”

मग ती औसा रोडनं चालत घरी गेली. रिक्षा थांबवली तरी बसली नाही.

बाबा एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं होते, तुला माहीत आहे. कुणी ‘ए’ म्हटलं तर ते वळूनसुद्धा बघत नसत. पूर्ण नावानं हाक मारली तरच ओ द्यायचे.

मला वाईट वाटतंय म्हणणं पुरेसं नाही. मला लाज वाटतेय. हे पत्र मी टाकणार आहे, परत फोडणार नाही.

प्रिया

लातूर, ७ जुलै २०२५

मृण्मयी,

उत्तर आलं नाही. बरोबरच आहे, काय लिहिणार?

माय शेडवर येत नाही. घरी बोलते. जेवायला वाढते, गॅस संपत आलाय सांगते. शेडचा विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवते. तिच्याशिवाय भाकरी जाड होतेय. चतुराबाई जीव तोडून थापते, पण मायसारखी कडा कुणालाच जमत नाही. जाड भाकरी कडक होत नाही, नुसती चिवट होते. काल अर्धा माल आम्ही घरी वाटून टाकला.

आता ऐक. २३ तारखेच्या पत्रात मी ‘आपण ठरवलं’ असं लिहिलं होतं. आपण नव्हतं ठरवलं. लेबलं मी छापली. तू चार दिवस गावी होतीस आणि मी तुला न विचारता पाच हजार छापून आणली. तू परत आलीस, गठ्ठा उघडलास, आणि म्हणालीस, “प्रिया, भाकरी मावशीची, लायसन्स तुझं, आणि नाव माझं? मला हे नकोय.” मी म्हणाले, “तुझ्या नावाची काय झीज होणार आहे?” मग महिनाभर तू रोज तेच म्हणत राहिलीस आणि मी रोज उद्याचं आश्वासन देत राहिले. शेवटी तू गेलीस. नोकरी तुला त्यानंतर चार महिन्यांनी लागली. काकूंनी पाकीट पाहिलं तेही नंतर. तारखा मला पाठ आहेत. मी तुझ्यावर खोटं ढकललं. माफ कर.

पण मृण्मयी, तुझ्यावरचा राग अजून सगळा गेलेला नाही, तोही लिहिते. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, पण तसं बरोबर राहणं तुला परवडत होतं. माझं नाव नको म्हणालीस आणि घरी गेलीस. काउंटरखालची दहा पाकिटं परत आणायला दुसऱ्या दिवशी कोण जाणार होतं? ‘तुझं नाव लाव’ म्हणणं सोपं असतं गं. लावून बघू, मी येते तुझ्याबरोबर दुकानात, असं एकदा तरी म्हणायचं होतंस. निघून जाऊन तू तुझे हात स्वच्छ ठेवलेस आणि मी एकटी पडले. मग भीतीनं आणखी खोटं बोलत गेले. राहून भांडायचं होतंस.

तुझ्या प्रबंधासाठी एक उदाहरण घे. कामगिरी : दरवर्षी वाढती. कामगार : अकरा. ग्राहक : खूश. आणि मालकीणबाईंना फोनवर स्वतःचं नाव सांगता येत नाही. याला तुझ्याकडे रकाना आहे का? तुझे ते पाच पर्याय मी पुन्हा वाचले. भांडवल, प्रशिक्षण, पाठिंबा, ओळखी, नशीब. अगं, लातुरातल्या कुठल्याही दुकानात माल ठेवायला गेलं की पहिला प्रश्न जो विचारतात, तोच तुझ्या फॉर्ममध्ये नाही. आणि तो तुला माहीत होता.

काल मी रेणुकादास सरांना फोन केला. आधी तीन वेळा लावून कट केला. मग एका दमात सांगितलं, की लायसन्सवरच्या सोनकांबळे मीच आहे, देशपांडे माझ्या मैत्रिणीचं आडनाव आहे, आणि पुढच्या आठवड्यापासून पाकिटावर माझं नाव असेल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही माहूरच्या नाही?”

एवढ्या सगळ्यातून या माणसाला माहूरचं पडलं होतं!

“नाही सर. आम्ही लातूरचेच.”

“नाही, म्हणजे मला वैयक्तिक काहीच अडचण नाही हो. आमच्याकडे सगळ्यांचं येणं-जाणं असतं. पण पालक असतात ना. ते विचारतात.”

“पालक भाकरीचं आडनाव विचारतात?”

“तसं नाही हो. कळवतो मी.”

कळवतो म्हणजे काय, ते तुला आणि मला दोघींना कळतं.

प्रिया

लातूर, ३ ऑगस्ट २०२५

मृणू,

तुझे तीन फोन आले. म्हणजे ब्लॉक काढलास. मी उचलले नाहीत. पहिल्या दोन वेळा खरंच तव्यावर माल होता. तिसऱ्यांदा फोन हातात होता, पण काय बोलायचं ते कळेना. आज लिहिते.

नवी लेबलं आली. ‘सोनकांबळे कडक भाकरी, लातूर.’ पुढे काय झालं ते ऐक आणि तुझ्या प्रबंधात घाल.

मुरुडच्या गुंडप्पाला तू ओळखतेस, आपला सगळ्यात जुना दुकानदार, मोठ्या पोटाचा. जुनी लेबलं संपत आली होती, म्हणून त्याच्या खोक्यात थोडी पाकिटं जुन्या लेबलाची गेली आणि थोडी नव्या. एकाच सकाळचा माल. मी गेले तर म्हणतो, “ताई, कंपनी इकली का? ही नवीन चव न्हाई बरोबर.” मी म्हणाले, दोन्ही खाऊन बघा. त्यानं दोन्ही पाकिटं फोडली, दोन्हींची भाकरी माझ्यासमोर चावून खाल्ली, विचार केला, आणि बोट ठेवून सांगितलं, “ही देशपांड्याची भारी हाय. ही जरा करपट लागती.” मी सांगितलं, गुंडप्पा, दोन्ही चतुराबाईनं एकाच तव्यावर केल्यात. तो म्हणाला, “आसंल बाई. पन जिभेला कळतंय.” मृणू, यावर माणसानं करायचं काय? मला हसू आलं, आणि मग रस्त्यात स्कूटी बाजूला घेऊन मी रडले. पण त्यानं माल परत दिला नाही. “ठिवतो, जुनी वळख हाय,” म्हणाला.

सगळे गुंडप्पा नसतात. गोलाईतल्या दोघांनी काही न बोलता ऑर्डर बंद केली. क्लासच्या गल्लीतल्या दुकानात फरकच पडला नाही, तिथली पोरं लेबल वाचायच्या आत पाकीट फोडतात. उदगीरच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, “सोनकांबळे म्हणजे आपलेच का? जयभीम ताई, मला चाळीस पाकिटं पाठवा.” मी जयभीम म्हणाले. आपल्या धंद्याच्या फोनवर पहिल्यांदा. तरी एकूण माल कमीच झालाय. अकरा बायांना रोज बोलावता येत नाही. दोघींना दिवसाआड यायला सांगितलं. ते सांगताना मला जे वाटलं ते एक ते पाचमध्ये बसणारं नाही.

आणि त्यात गेल्या आठवड्यात रेणुकादास सर आले. स्वतः आले, फोनवर नाही बोलले. म्हणाले, “मॅडम, मधला मार्ग काढलाय. कोरी पाकिटं द्या. देशपांडे नको, सोनकांबळे नको. पोरांना भाकरीशी मतलब. पूर्ण ऑर्डर तुमची.”

पूर्ण ऑर्डर, मृणू. त्या दोघी रोज येतील, वर सहा नव्या. आणि कुणी खोटं बोलायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. मला तिथल्या तिथे नाही म्हणता आलं नाही. मी बायांना विचारते म्हणाले.

पारूबाई लगेच म्हणाली, “घ्या की. नावानं प्वाट भरतंय का?” ती दिवसाआड येणाऱ्या दोघींतली एक. तिला हे म्हणायचा हक्क आहे. चतुराबाईनं पिठाचा गोळा बाजूला ठेवला. मग म्हणाली, “मला बी काम पाहिजे बाई, माझी पोरगी कालेजात हाय. पन उंद्या तिला कुनी इचारलं, तुझी माय कुठं कामाला हाय, तर काय सांगल? कोऱ्या पाकिटात?” काही बाया हसल्या. पारूबाई हसली नाही.

मी सरांना फोन करून नाही म्हणाले. ते म्हणाले, “तुम्ही भावनेच्या भरात धंदा करताय.” असेल. पारूबाईनं दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं. शेजारच्या डाळमिलमध्ये निवडायला लागलीय म्हणतात. रस्त्यात दिसली तर तोंड फिरवते. मला तिचा राग येत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते. मी बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. तुझ्या फॉर्मवर मी सतराव्या प्रश्नापुढे दोन टाकलेत. महिन्यापूर्वी एकही टाकला नसता. बाकीचे प्रश्न भरले, नववा मोकळा सोडलाय, तुझ्या गाईडला जे वाटेल ते वाटो.

तू यायचं म्हणतेस असं तुझ्या मेसेजमध्ये दिसतंय. ये. पण पाहुणी म्हणून चहा प्यायला येऊ नकोस. गोलाईतली ती दोन दुकानं आहेत, तिथे माझ्याबरोबर चल. तू बोलायचं नाहीस, मी बोलेन. नुसती उभी राहा.

आता खरं सांगायचं ते. काल सकाळी माय आली.

मी तिला काही सांगितलं नव्हतं. रेणुकादास सरांना नाही म्हणाल्याचं तिला चतुराबाईनं सांगितलं असणार. मी तव्याजवळ होते, बघते तर माय दारात. सगळ्यांना जयभीम घातला. लायसन्सपुढून गेली, थांबली नाही. पॅकिंगच्या टेबलावरचं एक पाकीट उचललं, चष्मा लावला. पाकीट लांब धरलं, मग जवळ धरलं, मग उजेडात नेलं. बाबांनी तिला लग्नानंतर अक्षरं शिकवली, तेव्हापासून ती बोट ठेवून वाचते. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल, आणि मी तिच्या पाया पडेन.

ती म्हणाली, “लई बारीक काढलंस गं.”

“जागा नव्हती माय.”

“जागा न्हवती? ह्या भाकरीच्या चित्राला बरी हाय जागा. देसपांड्याचं तर ह्या टोकापासून त्या टोकापातुर होतं.”

मृणू, जागा होती. छापखान्यात त्यानं मोठं करून दाखवलं होतं, आणि मीच म्हणाले होते, जरा लहान करा. नाव लावायचं ठरवलं आणि ते कुणाला चटकन दिसू नये याचीही सोय केली. माझी मलाच चीड आली. मायनं पाकीट खाली ठेवलं, पदर खोचला, चतुराबाईला बाजूला सरकायला सांगितलं आणि तव्यापुढे बसली. संध्याकाळपर्यंत भाकरीची कडा पुन्हा पातळ झाली होती.

आज छापखान्यात जाऊन आले. तो वैतागला. म्हणाला, ताई, तीन हजार लेबलं पडून आहेत, ती तर संपू द्या. मी म्हणाले, रद्दीत घाला, नवी काढा. नाव मोठं करा.

“किती मोठं?” त्यानं विचारलं.

“देशपांडे होतं तेवढं,” मी म्हणाले.

प्रिया